चौकटीतलं थंड सूप

एका मोठ्या मराठी वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत प्रवासाचं एक पान असतं. नाव घेत नाही. तुमच्या घरी येणाऱ्या पेपरातही असंच एक पान असेल. गेल्या वर्षी त्या पानाला मी एक लेख पाठवला. स्पेनच्या दक्षिणेला, आंदालुसिया प्रांतात मी नऊ दिवस फिरून आले होते, त्याबद्दलचा. आठवड्याने फोन आला. उपसंपादक मुलगा अगदी गोड बोलत होता. "मॅडम, लेख छानच आहे. पण प्रवासाच्या पानाला आमचे लेखक ठरलेले असतात. तुम्ही त्यात ते थंड सूप लिहिलंय ना, त्याची रेसिपी शंभर शब्दांत कराल? उन्हाळा विशेष काढतोय. लेडीज वाचकांना आवडेल."

मी नाही म्हटलं. तरी मे महिन्यात चौकट छापून आली. मजकूर माझ्याच लेखातला, वरचं-खालचं कापून काढलेला. माझं नाव नाही, "वाचकांकडून" एवढंच. मानधनाचं विचारलं तर उत्तर आलं की वाचकांच्या सहभागाला मानधन नसतं. त्याच अंकात प्रवासाच्या पानावर एका गृहस्थांचा स्वित्झर्लंडवरचा लेख होता, फोटोसकट, नावासकट आणि अर्थात मानधनासकट.

आता यात एवढं चिडण्यासारखं काय, असं आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या दोघीतिघींनी मला विचारलं. छापून तर आलं! म्हणून चिडण्यासारखं काय ते नीट मांडते.

त्या सूपाचं नाव गास्पाचो. आज मोठमोठ्या हॉटेलांत ते काचेच्या पेल्यातून देतात. मुळात ते आंदालुसियातल्या शेतमजुरांचं जेवण. रणरणत्या उन्हात शेतावर चूल कोण पेटवणार? म्हणून शिळा पाव, लसूण, मीठ, तेल, व्हिनेगर आणि पाणी एकत्र कुटायचं आणि तसंच प्यायचं. टोमॅटो त्यात नंतर आला. तो युरोपचा नव्हेच. सोळाव्या शतकात स्पेनने अमेरिका खंडातले देश लुटले तेव्हा तिकडून जहाजातून आलेला. शेतमजुराची शिळ्या पावाची पेज अशी हळूहळू लाल झाली, आणि लाल झाल्यावर साहेबांच्या टेबलावर गेली.

माझ्या लेखात सूप होतं ते या शेतांमुळे. सेव्हिलहून पश्चिमेला वेल्वाकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या प्लास्टिकचे बोगदे दिसतात, मैलोन् मैल. त्याखाली स्ट्रॉबेरी. ती तोडायला दर हंगामात मोरोक्कोहून बायका आणतात, हजारोंनी. कुठल्या बायका आणायच्या याचाही नियम: गावाकडे लहान मुलं असलेल्या. का? तर मुलांच्या ओढीने त्या हंगाम संपला की परत जातील, स्पेनमध्ये राहून जाणार नाहीत. म्हणजे आईपण हा तारण म्हणून ठेवलेला दागिना! २०१८ मध्ये त्यांतल्या काही जणींनी लैंगिक छळाच्या आणि बुडवलेल्या मजुरीच्या तक्रारी केल्या, तेव्हा कुठे जगाला या शेतांत माणसं राहतात हे कळलं.

आपल्याला हे नवं आहे का? बीडहून ऊसतोडीला निघणारं जोडपं मुकादमाच्या वहीत "एक कोयता" म्हणून लिहिलं जातं. उचल दोघांच्या श्रमावर, पण ती घेतो नवरा. २०१९ मध्ये त्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. पाळी आली की खाडा, खाडा झाला की दंड, म्हणून पिशवीच काढून टाका! तिकडे मूल आहे म्हणून बाई कामाला घेतात, इकडे गर्भाशय अडचण म्हणून काढतात. हिशेब एकाच जातीचा. वेल्वाच्या रस्त्यावर मला बीड आठवलं आणि ते मी लिहिलं.

आणखी एक परिच्छेद होता, हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या बायकांवर. स्पेनमध्ये २०१६ च्या सुमारास त्यांनी आपली संघटना उभी केली. नाव घेतलं "लास केलीस". "ज्या साफसफाई करतात त्या" अशा अर्थाच्या स्पॅनिश शब्दांवरून केलेला हा खेळ. दिवसाला किती खोल्या, एका खोलीमागे किती पैसे, गाद्या उचलून पाठीचे किती हाल, हे त्यांनी रस्त्यावर येऊन सांगितलं. प्रवासवर्णनात चादर नेहमी "पांढरीशुभ्र" असते; ती कोणी घातली हे कधी येतं का?

संपादकीय कात्रीने काय केलं ते आता पाहा. सूप उचललं, शेत टाकलं. ज्या बायका त्या मातीत वाकून काम करतात त्या गेल्या, खोल्या झाडणाऱ्या गेल्या, लिहिणारीचं नाव गेलं आणि उरली एक पाककृती, "थंडगार, झटपट, पाहुण्यांना खूश करणारी". हे शेवटचे शब्द माझे नाहीत हो, त्यांनी घातले.

मला वाटतं, घरात जी वाटणी आहे तीच छापील पानावर आहे. बाहेरचं जग पुरुषाचं, ओटा बाईचा. त्याने पाहिलेलं ते प्रवासवर्णन. तिने पाहिलेलं त्याला "टिप्स" म्हणायचं.

मराठी प्रवासवर्णनाचा इतिहास सांगताना गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'चं नाव आदराने घेतलं जातं, आणि घ्यावंच. वरसईचा गरीब भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत उत्तरेला जातो आणि डोळ्यांनी पाहिलेलं लिहितो. पण त्यांनी १८८३ च्या सुमारास लिहिलेली ही हकीकत छापली गेली १९०७ मध्ये. त्याच्या अठरा वर्षं आधी, १८८९ मध्ये, पंडिता रमाबाईंचं अमेरिकेवरचं पुस्तक छापून झालेलं होतं. 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे त्याचं नाव. नावातच पाहा, लोकस्थिती आधी आणि प्रवास नंतर. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींना डॉक्टरकीची पदवी मिळाली त्या समारंभासाठी बाई फिलाडेल्फियाला गेल्या, जवळजवळ तीन वर्षं तिथे राहिल्या, हिंडल्या, भाषणं केली. आणि लिहिलं काय? राज्यकारभार, शाळा, घरं, धर्म, आणि तिथल्या बायकांची स्थिती व त्यांच्या संघटना. ज्या बाईने मुलगी असताना आईबापांबरोबर देशभर पायी तीर्थयात्रा केल्या, १८७४ च्या दुष्काळाच्या काळात आईबाप गमावले आणि भावासोबत चालत चालत कलकत्ता गाठलं, तिला प्रवास म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको होतं. पण शाळेत प्रवासवर्णनाचा धडा म्हणून तुम्हाआम्हाला रमाबाई कधी होत्या? त्यांना "समाजसुधारक" या कपाटात ठेवलं की काम भागतं.

इरावती कर्वे पंढरीच्या वारीत चालल्या आणि 'वाटचाल' लिहिलं. दिंडी एकच, अभंग एकच, पण जेवायच्या पंगती जातीप्रमाणे वेगळ्या, हे त्यांना दिसलं आणि खुपलं. कारण कोण कुणाच्या हातचं खातं हे त्यांनी पाहिलं. स्वयंपाक ही प्रवासातली केवढी मोठी खिडकी आहे, हे यातून कळतं. आणि ऊर्मिला पवारांचं 'आयदान' (२००३) काढून बघा. सुरुवातच प्रवासाने होते. गावच्या बायका डोक्यावर ओझी घेऊन डोंगर चढत-उतरत रत्नागिरीच्या बाजाराला जातात. त्या वाटेचे चढ, त्या वाटेवरचं बोलणं, थकणं, हसणं. मराठीत वाटेचं इतकं जिवंत वर्णन फार थोडं आहे. पण ते "दलित आत्मकथन" आहे ना! ग्रंथालयात प्रवासवर्णनाच्या फडताळात ते सापडणार नाही. तिथे 'अपूर्वाई' सापडेल. मी पुलंवर खटला भरत नाहीये, 'अपूर्वाई' मलाही पाठ आहे. फक्त त्या प्रवासात सुनीताबाई सोबत होत्या आणि त्यांचं स्वतःचं पुस्तक यायला १९९० साल उजाडलं. आलं ते घराबद्दल आणि संसाराबद्दल, एवढीच नोंद करते.

"पण मीना प्रभू?" असं विचारतील. बरोबर आहे. लंडनमध्ये राहिलेल्या या डॉक्टर बाईंनी एकामागून एक देश पालथे घातले, जाडजूड पुस्तकं लिहिली आणि मराठी वाचकांनी ती डोक्यावर घेतली. बाई प्रवासवर्णन लिहू शकते का, हा प्रश्न त्यांनी निकालात काढला. पण कुठली बाई, हा प्रश्न राहिलाच. पासपोर्ट, पैसा आणि महिनाभर घराबाहेर राहण्याची मुभा ज्यांच्याकडे नाही, त्यांचं काय? मीही नऊ दिवस जाऊ शकले ते निवृत्तीनंतर, स्वतःच्या फंडाच्या पैशांवर, आणि घरात आता कुणाचं दुखणंखुपणं नाही म्हणून. हे सांगायलाच हवं, नाहीतर माझाही लेख स्वित्झर्लंडवाल्या गृहस्थांच्या लेखाचा भाऊच!

खरं तर आपण उपनगरातल्या बायका रोज प्रवास करतो. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली मार्गावर पहिली लेडीज स्पेशल धावली. त्या गाडीत काय नव्हतं? हळदीकुंकू, भिशी, साडीविक्री, नोकरीतल्या साहेबाच्या तक्रारी, मारणाऱ्या नवऱ्याची हळू आवाजात सांगितलेली गोष्ट, आणि मांडीवर वर्तमानपत्र पसरून निवडलेली मेथी. छायाचित्रकारांना ही मेथी फार आवडते. दरवर्षी ८ मार्चला कुठे ना कुठे तो फोटो येतो: "जिद्दी मुंबईकर महिला". पण त्याचा अर्थ काय? अर्थ असा, की बाई अंधेरी ते बोरिवली प्रवासात असतानासुद्धा स्वयंपाकघर तिच्या मांडीवर असतं. खिडकीबाहेर बघायला तिला फुरसत नाही. प्रवासी म्हणजे जो खिडकीबाहेर बघतो तो!

सरकारी आकडाही ऐका. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका तेव्हा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, म्हणजे पाच तास. जे पुरुष असं काम करत होते ते ९७ मिनिटं. आणि मुळात करत होते किती जण? बायकांत शंभरातल्या ८१, पुरुषांत २६. कागद, पेन आणि बूड टेकायला जागा या गोष्टी मग येतात. आधी त्या पाच तासांतून सुटका हवी.

शिवाय बाईने निघायचं म्हटलं तर थांबायचं कुठे, हा प्रश्न. मुंबईत २०११ मध्ये 'राइट टू पी' ची मोहीम बायकांच्या संघटनांनी सुरू केली, ती हौस म्हणून नव्हे. लांबच्या बसला निघालेली बाई आदल्या रात्रीपासून पाणी तोडते. मे महिन्यात घाटात गाडी थांबते, पुरुष उतरून ताकाचे दोन-दोन ग्लास रिचवतात, आणि बायका "नको, मला तहान नाही" म्हणतात. उन्हाळ्यातलं थंड पेय या विषयावर बाईचा खरा लेख इथून सुरू होतो. तो मात्र कुठल्याही उन्हाळा विशेषात आलेला मी पाहिला नाही.

इथे आमच्या घाटकोपरच्या लेखनगटातल्या काही तरुण मैत्रिणींशी माझं पटत नाही. त्या म्हणतात, पाककृती लिहायचीच नाही, मागितली तर तोंडावर फेकायची. चीड कळते मला. पण पाककृती फेकून आपण काय मिळवणार? दोष त्या सूपाचा नाही. ते सूप कुणाच्या भुकेतून, कुणाच्या हातांनी, कुठल्या उन्हात तयार झालं हे पुसून टाकणाऱ्या चौकटीचा आहे. आपण ते पुसू द्यायचं नाही. म्हणून मी पाककृती इथे देते, पण हिशेबासकट.

गास्पाचो चौघांपुरता: एक किलो पिकलेले लाल टोमॅटो, एक काकडी, एक लहान ढोबळी मिरची, लसणाच्या दोन पाकळ्या, कालचे दोन पाव, चार चमचे तेल, दोन चमचे व्हिनेगर, मीठ. स्पेनचं ऑलिव्हचं तेल आपल्या खिशाला परवडत नाही. घाण्याचं शेंगदाणा तेल घाला, चव निराळी येते पण वाईट नाही. व्हिनेगर नसेल तर लिंबू. पाव पाण्यात भिजवून पिळायचा, सगळं मिक्सरमधून काढायचं, गाळायचं आणि फ्रिजमध्ये तीन-चार तास ठेवायचं. काहीच शिजत नाही, म्हणून भाजी नीट धुवायची आणि पाणी उकळून गार केलेलंच घ्यायचं. "झटपट" म्हणणाऱ्याने हे मोजावं: बाजार, धुणं, पाणी उकळणं, गार करणं, गाळणं, मिक्सरचं भांडं घासणं आणि ओटा पुसणं. माझ्या घड्याळाप्रमाणे फ्रिजचे तास सोडून सव्वा तास. जिथे पाणी ठरावीक वेळेलाच येतं आणि फ्रिज नाही, तिथे या सूपाचं नाव काढू नये. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरीपार गेला तेव्हा तर आमच्याकडेही नाही.

आणि हो, आपल्याकडे याची सख्खी बहीण आहेच. आंबील! नाचणीचं किंवा ज्वारीचं पीठ रात्री पाण्यात कालवून आंबवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात ओतून ढवळत शिजवायचं, पूर्ण गार झालं की ताक, मीठ, ठेचलेला लसूण, जिरं. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावस्येला, येळवशीला, अख्खं गाव शेतात जेवायला जातं, तेव्हा आंबिलीची घागर बायकांच्या डोक्यावर असते. तीही शेतातली, तीही आंबट, तीही थंड, तीही मजुराच्या पोटाला गारवा देणारी. गास्पाचो जगभर गेला, कारण त्याच्यावर लिहिणारे प्रवासी जगभर गेले. आंबील मात्र कालपरवापर्यंत "गरिबाचं खाणं" होती. आता नाचणीला "सुपरफूड" म्हणायला लागलेत, तेव्हा तीही लवकरच कुठल्यातरी चौकटीत नाव नसलेल्या वाचकांकडून येईल.

घाटकोपरच्या गटात आम्ही चार बैठका घेऊन काही गोष्टी ठरवल्या. त्या इतर गटांनी तपासून पाहाव्यात, बदलाव्यात, भांडावं. प्रवासाचा लेख पाठवताना पत्रात स्पष्ट लिहायचं की लेख पूर्ण छापावा, कापायचा तर विचारून. त्यातला भाग वेगळा काढून वापरायला परवानगी नाही. पत्राची प्रत ठेवायची. मानधनाचा आकडा आधी विचारायचा, आणि पाककृतीलाही शब्दांच्या हिशेबाने तेच मानधन मागायचं. संकोच वाटतो, म्हणून आम्ही एकमेकींसमोर फोनवर बोलायचा सरावच केला. पहिल्यांदा सगळ्याजणी हसत होतो. पाककृती लेखातच अशी विणायची की ती उसवून काढली तर अर्थच राहू नये. आणि प्रवास म्हणजे परदेश हे डोक्यातून काढायचं. असल्फ्याच्या डोंगरावरून पवईच्या चार घरी भांडी घासायला जाणं, मुलुंडहून माहेरी आजारी आईकडे रात्रीच्या एसटीने एकटीने जाणं, ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत रात्रभर उभं राहणं, हे सगळं प्रवासवर्णन आहे.

यातले तीन लेख लिहून झालेत. घरकाम करणाऱ्या एका मैत्रिणीने तिचा लेख सांगितला आणि दुसरीने लिहून घेतला. नाव सांगणारीचंच राहील. त्यात ती चढाच्या कुठल्या पायरीवर दम खायला थांबते, तिथून विमानतळाची धावपट्टी कशी दिसते आणि उतरणारं विमान किती जवळून जातं हे आहे. दुपारी कामाच्या घरी तिला फ्रिजमधलं थंड पाणी कुठल्या पेल्यात मिळतं, हेही आहे. हा लेख आम्ही आधी त्याच पुरवणीच्या प्रवासाच्या पानाला पाठवतो आहोत, वर सांगितलेल्या पत्रासह. सहा आठवडे वाट पाहू. नाही आलं तर पुढच्या अंकात, याच जागी, पूर्ण छापू.